शून्य धरलेली नळी

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माझी मुलगी उठली, वळली, बैठकीखाली दोन्ही हात घालून तिने आपली खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. ठेवताना आधी मागचे दोन पाय टेकवले, मग पुढचे. एवढासुद्धा आवाज झाला नाही. मांडीवर झोपी गेलेलं मूल गादीवर ठेवावं तशी तिने ती खुर्ची ठेवली आणि ती आत निघून गेली. माझ्या हातात उष्टी ताटं होती, ती तशीच धरून मी उभी राहिले. सांगायला गेलं तर काहीच घडलं नव्हतं. पण खुर्ची ठेवायची ही पद्धत मला पाठ होती. आधी मागचे पाय, मग पुढचे. ती माझ्या आईने मला शिकवली होती आणि मी ती माझ्या मुलीला कधीच शिकवली नव्हती. उलट, ही पद्धत आपल्याबरोबरच संपेल अशी मी माझ्यापुरती खूणगाठ बांधली होती.

मुलीला आम्ही ठमी म्हणतो. चालायला लागली तेव्हा ठम् ठम् पाय आपटत चालायची म्हणून तिच्या बापाने ठेवलेलं नाव. शाळेत तिचं वेगळं, नीटनेटकं नाव आहे, पण ते ऐकलं की तिला स्वतःलाच कोण ते कळायला वेळ लागतो. गेल्या वर्षापर्यंत खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने आपलं छत ठोकायची, मग मी वरून ओरडायचे, "अगं ए घोडे, खाली माणसं राहतात," आणि ठमी मुद्दाम आणखी दोन उड्या मारून थांबायची. परवाच ती बाई लिफ्टमध्ये भेटली. छान हसून म्हणाली, "कुठे बाहेरगावी होतात का इतके दिवस? घर बंद असल्यासारखं वाटतंय." मीही हसले. नाही हो, इथेच आहोत, असं म्हटलं. घरी येऊन कुलूप उघडलं तेव्हा पाहिलं की चावी फिरवताना मी जुडग्यातल्या बाकीच्या चाव्या मुठीत आवळून धरल्या आहेत. किणकिणू नयेत म्हणून. हे मी कधीपासून करत होते कोण जाणे.

अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. माझे वडील. आई गेली, त्यानंतर काही दिवस ते ताईकडे राहिले आणि मग ताईने त्यांना माझ्याकडे पाठवलं. फोनवर म्हणाली, "अगं, काही त्रास नाही त्यांचा. गाय झालेत अगदी. दिलं ते खातात, सांगितलं तिथे बसतात." मी म्हटलं, गाय झाली तरी शिंगं असतातच की. ताई हसली नाही. माझ्याकडे ठमी आहे, हे मला त्या वेळी पहिल्यांदा बोलून दाखवावंसं वाटलं होतं. ज्या घरात मी वाढले तसं घर माझ्या पोरीच्या वाट्याला येऊ नये, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात अगदी ठरवून केली होती. लग्नसुद्धा मोठ्याने हसणाऱ्या माणसाशी केलं. पण बापाला नाही म्हणायचं कसं, आणि म्हटलं तरी त्यांना ठेवायचं कुठे? अप्पा आले. एक बॅग, एक छत्री. आल्यापासून त्यांनी एक शब्द वावगा काढला नाही. काही विचारलं तर 'हं', नाहीतर 'चालेल'. नवरा त्यांच्याशी पत्ते खेळतो, हरतो आणि खूश असतो. मी टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला तर ते नुसती चित्रं बघत बसतात, तक्रार नाही. नवरा म्हणाला, "तू तर असं सांगायचीस जसा काही वाघच. इतका गरीब माणूस मी पाहिला नाही." खरंच होतं. आणि तरी घरातले आवाज एकेक करून जात होते. आधी कुकरची शिट्टी गेली, कारण ती व्हायच्या आत मी गॅस बारीक करायला लागले. मग बाथरूमच्या दाराचं कुरकुरणं गेलं. शिवणयंत्राचं तेल बिजागरीत मीच घातलं. मग नवऱ्याचं हसणं अर्ध्यावर आलं. आता खुर्ची.

अप्पा गिरणीत रात्रपाळीला होते, कागदाच्या. रात्रभर मशीनवर उभं राहायचं आणि दिवसा झोपायचं. त्यामुळे आमच्या घरात दिवस हीच रात्र होती, आणि तीही अशी की जिच्यात मुलांनी जागं राहायचं, पण नसल्यासारखं. आईने त्या शांततेची एक कलाच करून टाकली होती. फळीवर भांड्यांखाली जुनी चादर, दाराच्या चौकटीला चिंध्यांची पट्टी, खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. नळ पूर्ण सोडायचा नाही, बादलीत फडकं टाकून धार त्याच्यावर पाडायची. खोकला आला तर उशीत. मी आणि ताई भांडायचोसुद्धा ओठांनी. एकमेकींना काय काय शिव्या दिल्या असतील, एकही कुणाला ऐकू आली नाही. आई काही बोलायची नाही. हात पुढे करून तळवा खाली दाबायची, हवेत, जणू हवा उतू जात होती आणि तिला ती खाली बसवायची होती. तेवढं पुरायचं. कधी हातून चूक झालीच, चेंडू सुटला, ताट पडलं, तर आई झटकन आतल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. अप्पांना शांत करायला. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या. मग दार उघडायचं आणि अप्पा दारात येऊन थांबायचे. डोळे लाल, केस उभे. ते ओरडत नसत, मारतही नसत. नुसतं एकीकडून दुसरीकडे बघायचे, आणि परत आत जायचे. संध्याकाळपर्यंत ती वस्तू घरातून नाहीशी झालेली असायची. चेंडू, ताईची दोरी, माझी किल्लीची बदकीण. एकदा ताईने जिन्यातून आणलेलं मांजराचं पिल्लू. 'अप्पांनी नेलं,' असं आई सांगायची, आणि कुठे नेलं असं विचारायची आमची छाती नव्हती. त्याआधीची एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. अगदी लहान होते, पण रेडिओ मला आठवतो. अप्पांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि जमिनीवर आपटला, आणि आईच्या पावलात काच शिरली. तेव्हा वाघ होता हे नक्की. माझी कल्पना नव्हे ती.

प्रयोगशाळेत मी ज्या जंतूवर काम करते त्याचं घर पाण्यात. गच्चीवरची टाकी, जुने पाइप, फवारे. तिथे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात असतो. फवाऱ्याच्या तुषारांतून माणसाच्या फुप्फुसात गेला तर तिथली शिपाई पेशी त्याला गिळते. जंतू गिळणं हेच तिचं काम. हा मात्र गिळला गेला की मरायच्या ऐवजी तिच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. थाटण्यासाठी तो आपली काही एन्झाइमं त्या पेशीत सोडतो, आणि त्यातलं एक आमच्या वाट्याला आलेलं. ते आम्ही वेगळं काढलं, शुद्ध केलं, नळीत ठेवलं, त्याला हवं नको ते सगळं दिलं, आणि ते ढिम्म. उष्णता वाढवा, कमी करा, क्षार बदला, काही नाही. म्हणून आमच्याकडे त्याचं नाव पडलं जावई. हे नाव ठेवलं बगळ्याने. बगळा म्हणजे माझ्याबरोबर काम करणारा, उंच, सडपातळ, बोलताना एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभा राहणारा. "मांडी घालून बसलाय, नुसता पाहुणचार घेतोय," तो म्हणायचा, "काम सांगा, की अंगात कणकण." मग आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या की त्याला माणसाच्या पेशीचा अर्क पाजून बघा. अर्कासाठी रक्त लागायचं. बगळ्याला सुई बघूनच घेरी येते, तेव्हा रक्त दर वेळी माझंच. त्यातल्या पांढऱ्या पेशी फोडायच्या, की झाला अर्क. निम्मा अर्क जावयाला तसाच द्यायचा आणि निम्मा आधी खळखळून उकळायचा. उकळला की त्यातली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात, मरतात. ती मेलेली नळी तुलनेसाठी. तिच्यात काही होणारच नाही हे ठरलेलं, म्हणून यंत्रावर तिच्या कामाचा जो आकडा येईल तो यंत्राचा, कचऱ्याचा, हवेचा. तो शून्य धरायचा आणि जिवंत नळीच्या आकड्यातून वजा करायचा. असं सगळेच करतात. आम्हीही कितीतरी महिने करत होतो, आणि उत्तर शून्याच्या खालीच यायचं. खाली आलं की बगळा म्हणायचा, यंत्र म्हातारं झालंय, आणि शून्य लिहायचा.

त्या रविवारनंतर, खुर्ची डोक्यात घेऊनच मी कामावर गेले. वजाबाकी करायला बसले आणि करवेना. त्या दिवशी पहिल्यांदा मी मेलेल्या नळीचे आकडे नुसते, सुटे, एकाखाली एक वाचले. ते लहान नव्हते, लहान कधीच नव्हते. उकळलेल्या नळीत जावई इतके दिवस भरधाव काम करत होता आणि आम्ही ते काम शून्य म्हणून खोडत होतो. बगळ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "नळ्यांची अदलाबदल केलीस तू." मी त्याच्यासमोर पुन्हा केलं. मग त्याने स्वतःच्या हाताने केलं, तेव्हा त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवलेले मी प्रथमच पाहिले. पुढे उलगडत गेलं ते साधं होतं. कच्च्या अर्कात इतकी चावरी प्रथिनं होती की ती जावयाचे तुकडे पाडत होती. उकळल्यावर ती सगळी मेली आणि मागे उरलं एक चिवट, छोटंसं प्रथिन, जे उकळूनही मरत नाही. ते आपल्या प्रत्येक पेशीत असतं. मेंदूत, हृदयात, बोटाच्या टोकाला. हात हलवा, दचका, श्वास घ्या, त्याच्यावाचून काही होत नाही. जंतूच्या स्वतःच्या अंगात ते नसतं, म्हणून तिथे जावई झोपलेला. ते येऊन बिलगलं की तो उठतो. बगळा म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय." मी नळी उजेडात धरून पाहत होते. पाण्यासारखी स्वच्छ. त्यात माझं जे काही होतं ते उकळून, थिजून, गाळून उरलेलं होतं, आणि त्यानेच त्याला जागं केलं होतं. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्या आनंदाला वास येत होता, बंद खोलीत बरेच दिवस कुणी राहिलं की येतो तसा.

त्या संध्याकाळी घरी आले तर घर तसंच. ठमी आतल्या खोलीत चित्रं काढत होती, अप्पा खिडकीपाशी. रंगीत खडू कागदावर घासल्याचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येत होता, इतकी शांतता. मी नुसती उभी राहून ऐकत होते. माझ्या मनात आलं, या खोलीत शून्य कुठलं? अप्पा काही बोलले नाहीत, कधीच बोलले नाहीत. मग या घराला गप्प कोण बसवतंय? मी स्वयंपाकघरात गेले, मोठ्यात मोठं पातेलं काढलं, त्याचं झाकण घेतलं, अप्पांच्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिले.  चाळिशी ओलांडलेली बाई, माझ्या हाताखाली पोरं शिकतात, आणि एक झाकण हातातून सुटेना. मग मी झाकण सोडलं. फरशीवर ते पडलं, गरगरलं, घणघणत राहिलं. माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मानेवरचा एक केससुद्धा हलला नव्हता. झाकण अजून थरथरत होतं आणि अप्पा खालून जाणाऱ्या एका भाजीवाल्याकडे शांतपणे बघत होते.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि डोक्यावर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करा, म्हणाले. अप्पांचं बोट मांडीवरून हललं नाही. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "गिरणीत होते का? मग बरोबर. मशीनवर उभं राहून असंच होतं. पण हे आत्ताचं नाही हं. फार जुनं आहे, ऐन उमेदीतलं. ओठ मात्र उत्तम वाचतात. तुम्हाला इतकी वर्षं कळलं नाही?" त्या प्रश्नात दोष नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मी मनातल्या मनात मोजायला लागले आणि मोजून झाल्यावर तिथल्या बाकावर बसले. चेंडू, दोरी, बदकीण, पिल्लू, हे सगळं त्यांचे कान गेल्यानंतरचं होतं. रेडिओ तेवढा आधीचा. आम्ही श्वास रोखून ज्याला झोपू देत होतो त्याच्या उशाशी ढोल बडवले असते तरी तो उठला नसता.

मधल्या काळात प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट कळली होती. जावई उठतो हे खरं, पण उठून करतो काय? आम्ही धरून चाललो होतो की मारत असणार. जंतूचं एन्झाइम, दुसरं काय करणार? मॅडमनी आकडे पाहिले आणि मान हलवली. या जंतूकडे दुसरी एन्झाइमं आहेत, विषारी, ती मोकाट सुटली तर पेशी बघता बघता मरते. जावई जागा होऊन त्या विषाला आवरतो. "हे हत्यार नाही," मॅडम म्हणाल्या, "हा लगाम आहे."

"म्हणजे जंतू आपल्याला वाचवतोय?" बगळ्याने विचारलं.

"आपल्याला नाही. घराला. त्याला राहायचंय ना तिथे." मग म्हणाल्या, "आणि लगामाचं चामडं आपलं. हे बघ, ही सगळी व्यवस्था किती शहाणी आहे." त्यांना ते फार सुंदर वाटत होतं. मलाही वाटलं असतं. पण घर मरू नये म्हणून आतून कुणीतरी काळजी घेतं, ती काळजी म्हणजेच आजार, आणि ती घेतली जाते आपल्याच हातांनी, हे मला त्या वेळी ऐकावं लागलं.

अप्पांशी मी बोलले ती दुपारची वेळ होती. नवरा कामावर, ठमी शाळेत. मी स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी, आणि सावकाश म्हटलं, "अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही हे आईला माहीत होतं?"

त्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढून खिडकीकडे नेली, परत आणली. "तिला नाही तर कुणाला?" त्यांचा आवाज सपाट, हलका होता, स्वतःला न ऐकू येणारा माणूस जपून बोलतो तसा. "गिरणीत कळलं असतं तर घरी बसवलं असतं. तुम्ही दोघी लहान. ती म्हणाली, झाकली मूठ असू दे. मी बघते."

"काय बघते?"

"घर. पोरं आहेत, आवाजाला मी उठत नाही हे बघतील, बाहेर बोलतील. म्हणाली, घरात आवाजच नसला तर कुणाला काय कळणार?"

"पण आम्ही आवाज केला की तुम्ही उठून यायचात. दारात उभे राहायचात."

अप्पांनी मान पुढे आणून माझे ओठ पाहिले. मला वाटलं, ओठ नीट वाचता आले नाहीत. मी पुन्हा बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "मी कुठे उठायचो? तुझी आई हलवून उठवायची. खांदा धरून. म्हणायची, जरा बाहेर या, तोंड दाखवा, नाहीतर पोरं वारं प्यायल्यासारखी करतील. मी यायचो. तुम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या असायच्यात. मला कळायचं नाही काय झालंय. झोप डोळ्यांवर असायची. मी परत जायचो."

"आणि चेंडू? ते मांजराचं पिल्लू?"

"कुठलं पिल्लू?" अप्पांनी विचारलं.

मी उठून ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. माझं संपल्यावर ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, पण आई त्यांना आवरायला आत जायची ना?" हेच आम्ही दोघींनी आयुष्यभर धरून ठेवलं होतं. आई आत जाते ती आवरायला. तिचं जाणं हिशेबात नाही, ती आपल्या बाजूची, ती शून्य. जे काही होतं ते त्या दारापलीकडून होतं. मी विचारलं, "त्यांना काही उचलून नेताना तू कधी पाहिलंस?"  ताई म्हणाली, "ठेवते फोन. गॅसवर दूध आहे." तिच्या घरात त्या वेळी दूध असायचं काही कारण नव्हतं. मला आईचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. तिच्या पावलात काच शिरली होती. आमच्या नाही शिरली, कधीच नाही शिरली. तिने वाघाला आवरलं, वाघ बहिरा झाल्यावरही आवरत राहिली, आणि आवरायला तो लागतो म्हणून अधूनमधून त्याला खांदा धरून उठवत राहिली. असं सगळं तिने मनाशी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. हात पुढे करून हवा खाली दाबताना तिचा चेहरा कसा दिसायचा तो मी आठवायला लागले आणि मला तो आरशात पाहिल्यासारखा नीट आठवला.

पण एक गोष्ट आता सोपी झाली होती, आणि तिच्यासाठी मी संध्याकाळची वाट बघत होते. ठमी शाळेतून आली, दप्तर खुंटीला अडकवलं, बूट काढून हातात घेऊन आत गेली. मी तिच्यामागे गेले. पलंगावर बसले. फार दिवसांनी मला हलकं वाटत होतं. एक दार उघडायचं, वारं आत येऊ द्यायचं, बस. म्हटलं, "ठमे, एक गंमत सांगू? आजोबांना ऐकूच येत नाही. अगदी काही म्हणजे काही नाही. तू आता नाच, उड्या मार, खुर्च्या फरफटव. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"माहितीये मला," ठमी म्हणाली.

"माहितीये? कधीपासून?"

"ते आले ना, तेव्हाच. मी त्यांच्या कानाशी टाळी वाजवली होती. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही." ती बूट कपाटात ठेवत होती, आधी टाच, मग पुढचा भाग. "मग मी समोर जाऊन वाजवली, तर ते हसले. आम्ही खेळतो तसं कधीकधी."

"मग तू अशी हळू का चालतेस?"

ठमी थांबली. ती उत्तर शोधत नव्हती. ते द्यावं की नाही एवढंच बघत होती. बघताना तिची नजर माझ्या कपाळावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून ओठांवर आली आणि तिथे थांबली. ती नजर माझ्या ओळखीची होती. लावलेल्या दारासमोर भिंतीला टेकून उभं राहिलं की अशी येते.

"तुला चालत नाही ना," ती म्हणाली.

"मला? मी कधी काही म्हटलं का तुला?"

"नाही," ठमी घाईघाईने म्हणाली. माझी समजूत काढत असल्यासारखी. "तू काहीच म्हणत नाहीस, आई."

मी बोलायला तोंड उघडलं. काय सांगणार होते आठवत नाही, पण ते मोठ्याने सांगणार होते, एवढं नक्की. तेवढ्यात बाहेर नवरा आला असावा. त्याच्या हातून काहीतरी निसटलं आणि फुटलं. काचेचं असणार. तो स्वतःशीच हसला आणि मधेच गप्प झाला. ठमीने दाराकडे वळून पाहिलं नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि वाट बघत राहिली.